माळ्यावरची कॅसेटवाली व्हिडिओ गेम पुन्हा सुरू करताना

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोका खाली येतो. आत पिवळट पडलेली मशीन, वायर गुंडाळलेले दोन रिमोट, प्लॅस्टिकची गन आणि तीन-चार कॅसेटी. कुणीतरी उत्साहाने टीव्हीला जोडतं, नुसता राखाडी पडदा दिसतो, आणि मशीन गेली म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकतात. एवढी घाई करू नका. या मशीनमध्ये बिघडण्यासारखं मुळातच फार थोडं असतं. वीज आणि कॅसेटचे पॉइंट या दोन गोष्टी नीट केल्या की बहुतेक मशीन उठून बसतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या मशीन आल्या, त्यांतल्या बहुतेक निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या नकला होत्या. मूळ यंत्र जुलै १९८३मध्ये जपानमध्ये आलं. त्याच्या कॅसेटला ६० पॉइंट असतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०, आणि आपल्या मशीनलाही तीच कॅसेट लागते. अमेरिकेत विकली गेलेली कॅसेट मात्र ७२ पॉइंटची आणि जास्त रुंद असते. ती या खाचेत बसत नाही, मधे कन्व्हर्टर लागतो. ऑनलाइन जुनी कॅसेट मागवण्याआधी एवढं बघून घ्या.

सामान कमीच लागतं. साधा डिजिटल मल्टीमीटर, फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि पांढरं मऊ खोडरबर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. त्याच फेरीत एक ७८०५ रेग्युलेटर (अॅडॅप्टरच्या विजेचे नेमके ५ व्होल्ट करणारा), १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणि एक एव्ही वायर घेऊन ठेवा. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालतं का, असं पुष्कळजण विचारतात. त्यात पाणी असतं आणि ते पॉइंटवर रेंगाळतं, म्हणून ९९ टक्क्यांचंच घ्या.

पहिलं काम अॅडॅप्टरचं

मशीन चालू करून बघण्याचा मोह आवरा आणि आधी अॅडॅप्टर तपासा. खोक्यात जो सापडतो तो त्याच मशीनचा असेल याची काही खात्री नसते. वीस-पंचवीस वर्षांत तो रेडिओचा, कॉर्डलेस फोनचा, कशाचाही होऊन बसलेला असतो. या मशीनना साधारण ९ व्होल्ट डीसी लागतो, पण पिनच्या आतल्या टोकाला प्लस की मायनस, हे प्रत्येक बनावटीत वेगळं. मूळ जपानी यंत्रात आतलं टोक मायनस आहे, आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक अॅडॅप्टर नेमके उलटे, म्हणजे आतलं टोक प्लस असलेले.

मशीनखालचं लेबल वाचता येत असेल तर तिथे मधे ठिपका आणि भोवती अर्धवट गोल अशा चिन्हात हे दाखवलेलं असतं. लेबल उडालं असेल तर मशीन उघडा. अॅडॅप्टरची पिन जिथे शिरते त्याच्या जवळच तीन पायांचा, धातूची पाठ असलेला ७८०५ दिसेल. त्याचा मधला पाय म्हणजे ग्राउंड. मल्टीमीटर ‘बीप’वर लावा, एक टोक या मधल्या पायाला आणि दुसरं सॉकेटच्या आतल्या पिनेला टेकवा. बीप वाजली तर आतलं टोक मायनस. बाहेरच्या पत्र्याला टेकवल्यावर वाजली तर आतलं टोक प्लस. दोन्हीकडे वाजलीच नाही आणि शेजारी चार डायोड दिसत असतील, तर ब्रिज आहे, म्हणजे प्लस-मायनस आपोआप सुलटं करणारी जोडणी, कोणतीही दिशा चालेल.

जुन्या वजनदार अॅडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मीटर १२-१३ दाखवतो. तो बिघडलेला नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना व्होल्टेज चढतं, मशीन जोडली की खाली येतं. तरीही नवा ९ व्होल्ट, १ अँपिअरचा स्विचिंग अॅडॅप्टर घेणं उत्तम. ७८०५ला कमी तापावं लागतं आणि पडद्यावर सरकणाऱ्या आडव्या लाटाही जातात.

आता मशीन चालू करून ७८०५चे पाय मोजा. लिहिलेली बाजू समोर धरली की डावा पाय येणारी वीज, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारी. डाव्यावर ८ ते १२ व्होल्ट आणि उजव्यावर ४.८ ते ५.२ मिळाले की वीज ठीक. डावीकडे आहे, उजवीकडे ४.७च्या खाली, तर आधी शेजारचा मोठा कपॅसिटर बदला. फुगलेलं डोकं किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला तर मोजायचीही गरज नाही. बदलताना पट्टी असलेला पाय मायनसच्या भोकात जातोय ना, हे दोनदा बघा. तेवढ्याने भागलं नाही तर ७८०५ बदला.

कॅसेटमध्ये फुंकू नका

लहानपणी सगळ्यांनी केलं, आणि नंतर गेम चालूही झाला. पण चालू झाला तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण पॉइंट नव्या जागी टेकले. फुंकरीतली वाफ मात्र पॉइंटवर राहिली आणि वर्षानुवर्षं त्यांना काळं करत गेली. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट, त्यात माळ्यावर बंद खोका. त्यामुळे कॅसेटचे पॉइंट मळलेले असणार हे गृहीतच धरा.

कॅसेटचा तळ उजेडात धरा. पॉइंट पिवळे चमकदार हवेत. चॉकलेटी किंवा करडा थर असेल तर काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, झटकून, पॉइंटच्या लांबीच्या दिशेने वर-खाली फिरवा. आडवी फिरवली तर मळ एका फटीतून दुसरीत जातो. पहिली काडी काळी होईल, दुसरी करडी. तिसरी-चौथी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. थर हटत नसेल तरच खोडरबर हलक्या हाताने, आणि त्यानंतर पुन्हा अल्कोहोल, कारण खोडरबराचा चुरा राहिला तर तोही अडवतो. पॉलिश पेपर अजिबात नको. स्वस्त कॅसेटींवरचा मुलामा इतका पातळ असतो की दोन घासण्यांत खाली तांबं दिसतं, आणि मग ती कॅसेट दर पावसाळ्यात रुसते. गंजावर मारायचा तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ चिकटते.

मशीनच्या खाचेत काडी जात नाही. जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड एकदाच गुंडाळा, अल्कोहोलने ओलं करा आणि सरळ आत-बाहेर दहा-बारा वेळा करा. कापड जाड झालं तर खाचेतल्या पट्ट्या फाकतात, म्हणून एकच थर. मग १५ मिनिटं वाळू द्या.

पडदा काय सांगतो, ते वाचता आलं की निम्मा वेळ वाचतो. या कॅसेटमध्ये दोन वेगळे साठे असतात. एकात गेमचा प्रोग्राम, दुसऱ्यात चित्रं, आणि दोघांचे पॉइंट वेगळे. पडदा नुसता एकरंगी राहिला, आवाज नाही, तर प्रोग्रामचे पॉइंट टेकत नाहीत. गाणं वाजतंय, स्टार्ट दाबल्यावर गेम पुढे जातोय, पण मारिओच्या जागी अक्षरांचे तुकडे चालताहेत, तर प्रोग्राम ठीक आहे आणि मळ चित्रांच्या पॉइंटवर आहे. दुसऱ्या प्रकारात मशीनवर संशय घेण्याचं कारणच नाही, पुन्हा साफसफाई करा. आणि कॅसेट घालता-काढताना मशीन बंदच हवी.

रिमोट

एकच बटण चालत नाही, तर दोष आतल्या रबराचा. सगळीच बंद, तर वायरचा. इतकं सोपं आहे. पाच-सहा स्क्रू काढले की रबरी चकती हातात येते. तिच्या काळ्या टिकल्यांवर ओली काडी एकदाच अलगद फिरवा, पाटीवरचे काळे पट्टेही तसेच पुसा. टिकली झिजून गुळगुळीत झाली असेल तर तिच्यावर मऊ पेन्सिल घासली की काही आठवडे निघतात, कारण ग्राफाइटमधून वीज जाते.

वायर तुटते ती जवळजवळ नेहमी रिमोटच्या तोंडाशी. आत पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि तीन संदेशाच्या. तोंडापासून ५ सेंटिमीटर वायर कापून टाका आणि रंगाला रंग जुळवून पुन्हा सोल्डर करा. कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण तारांचे रंग ठरलेले नसतात. नऊ पिनांचा प्लग दिसायला दुसऱ्या गेमच्या प्लगसारखाच असतो, पण आतली जोडणी वेगळी असते. सेगाचा रिमोट बसतो म्हणून लावू नका.

कोणत्या टीव्हीवर

शक्य असेल तर डबा टीव्हीच, म्हणजे पिक्चर ट्यूबचा. यात जुन्याचं वेड नाही, तीन ठोस कारणं आहेत. बटण दाबल्यावर चित्र लगेच हलतं. या मशीनचं चित्र सलग रेषांचं असतं, पण पुष्कळ एलसीडी टीव्ही ते एकाआड एक रेषांचं समजून ‘सुधारायला’ जातात, त्यामुळे मार लागल्यावर लुकलुकणारा मारिओ चक्क गायब होतो. आणि गन फक्त डबा टीव्हीवरच चालते. बदकं मारायच्या गेममध्ये ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, तो गनमधल्या सेन्सरने ठरलेल्या क्षणी बघायचा असतो. एलसीडीवर तो उशिरा उमटतो, म्हणून नेम कितीही अचूक असला तरी बदक उडूनच जातं. यावर सेटिंगचा उपाय नाही.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, असे टीव्ही येतात. १४ किंवा २१ इंची, एव्ही सॉकेट असलेला बघा आणि किमान दहा मिनिटं चालू ठेवायला लावा. चित्र कडेने आक्रसत गेलं, कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग राहिला, किंवा उजेड हळूहळू कमी होत गेला तर सोडून द्या. घरी आणल्यावर त्याचं मागचं झाकण उघडू नका. बंद असतानाही ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचंच.

एलसीडीवरच खेळायचं असेल तर पिवळी-पांढरी वायर एव्हीला लावा. नव्या टीव्हीत एव्हीसाठी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची जोडवायर त्या टीव्हीचीच वापरा, दुसऱ्यात कड्यांचा क्रम बदलतो. मग ‘गेम मोड’ चालू, चित्राचा आकार ४:३, शार्पनेस शून्य, नॉइज रिडक्शन बंद. एव्हीचं एचडीएमआय करणारी स्वस्त डबी टाळा, बटणाला लागणारा वेळ ती आणखी वाढवते.

मशीनला एव्ही नसून फक्त अँटेनाची वायर असेल, तर कॅसेट घालून गेम चालू करा आणि मगच टीव्हीवर अॅनालॉग चॅनल शोधायला लावा. चित्र स्वच्छ पण आवाजाऐवजी खरखर आली तर टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टिम ‘बी-जी’ करा.

आपला मारिओ हळू होता

जुने गेम लॅपटॉपवर खेळून बघणाऱ्याला हटकून वाटतं, की गेम पळतोय, किंवा आपला हात गेला. हात गेलेला नाही. मूळ गेम जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी, सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले. आपल्याकडचा टीव्ही ५० चित्रांचा, आणि इथे विकलेल्या बहुतेक मशीन त्याला जुळवलेल्या. गेम मात्र तोच राहिला. त्यामुळे उड्या, गोळ्या, गाण्याची लय सगळं सुमारे १७ टक्के संथ झालं. प्रोसेसरचा वेग जवळजवळ मूळ यंत्राइतकाच ठेवल्यामुळे सुरांची पट्टी मात्र फारशी उतरली नाही. पुण्यातल्या वाड्यांत आणि सोसायट्यांत जो मारिओ खेळला गेला तो हा, संथ लयीचा. तो खोटा नव्हे, आपल्या बोटांना तोच पाठ आहे.

तुमची मशीन कोणत्या वेगाची आहे हे घड्याळ लावून कळतं. मारिओच्या पहिल्या टप्प्यात सुरुवातीच्या जागी हलू नका. वरचा आकडा ४०० वरून ३००वर यायला ४८ सेकंद लागले तर ५०ची मशीन, ४० लागले तर ६०ची. आकड्याचं एक घर २४ चित्रांचं असतं, म्हणून हा हिशेब चुकत नाही. लॅपटॉपवर ‘मेसेन’सारख्या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘रिजन’ हा पर्याय असतो. तिथे ‘पाल’ (युरोपात विकलेलं यंत्र) नको, ‘डेंडी’ निवडा. डेंडी ही रशियातली अशीच नक्कल, तिची घडण आपल्या मशीनसारखी. ‘पाल’ निवडलं तर सूरही खाली उतरतात आणि गाणं ओळखीचं वाटत नाही.

आता गेम

‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरे गेम किती, हे शोधायला वही-पेन घ्या. क्रमाने एकेक उघडा, नाव आणि पहिला पडदा लिहा. थोड्या नंबरांनंतर तेच गेम वेगळ्या नावाने, मधल्याच टप्प्यापासून किंवा जास्त जीव देऊन सुरू होताना दिसतील. जिथून पुनरावृत्ती लागते तिथे रेघ मारा. रेघेच्या वरचं, पण लहानपणी कधीच न उघडलेलं, तिथे खरा माल आहे.

आधी ओळखीच्यांतली न वापरलेली कळ. मारिओत सगळे जीव संपले की आपण पहिल्यापासून सुरू करत होतो. त्याची गरज नव्हती. मशीन बंद न करता पहिल्या पडद्यावर ‘ए’ दाबून धरा आणि स्टार्ट दाबा, ज्या दुनियेत मेलात तिच्या पहिल्या टप्प्यापासून खेळ सुरू होतो. काँट्रातले ३० जीव बऱ्याच जणांना ठाऊक आहेत: पहिल्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. बदललेल्या कॅसेटीत हे कधी चालत नाही, त्यात दोष तुमचा नाही.

टँकचा गेम, म्हणजे नामकोचा १९८५चा ‘बॅटल सिटी’, सगळ्यांनी खेळला आणि अर्धाच खेळला. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे २० टँक येतात, आणि त्यांतला चौथा, अकरावा आणि अठरावा लुकलुकत येतो. बक्षीस त्यालाच मारल्यावर मिळतं. म्हणजे आकडा मोजत खेळलं तर कधी पुढे जायचं आणि कधी गरुडापाशी, म्हणजे आपल्याला राखायच्या तळापाशी, थांबायचं हे आधीच ठरवता येतं. बक्षिसातले तीन तारे घेतलेला टँक पोलादी भिंतही फोडतो. त्यानंतर जपायचं ते स्वतःच्या गोळीपासून, कारण बक्षिसातलं फावडं घेऊन पक्की केलेली गरुडाची भिंतही तीच फोडू शकते. दोघांत खेळताना जोडीदाराला गोळी लागली तर तो काही क्षण थिजतो. भांडणं तिथूनच व्हायची.

पहिल्या पडद्यावरचा तिसरा पर्याय, ‘कन्स्ट्रक्शन’, उघडा. रिकामं मैदान आणि लुकलुकणारा टँक येतो. ‘ए’ दाबत राहिलं की त्या चौकोनात वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ एकामागून एक बदलत जातं. स्टार्ट दाबून परत या, एक किंवा दोन खेळाडू निवडा, पहिलाच टप्पा तुमच्या नकाशावर चालतो. गरुडाभोवती पोलाद घालून बसलं की खेळ बेचव होतो. त्यापेक्षा मधोमध बर्फाचा आडवा पट्टा आणि दोन्ही कडांना झाडी घालून बघा. मशीन बंद केली की नकाशा जातो, म्हणून आवडलेला कागदावर काढून ठेवा.

‘बायनरी लँड’ हा हडसनचा १९८५चा गेम कित्येक कॅसेटींत पडून आहे. दोन पेंग्विन, मधे भिंत, वर पिंजऱ्यात हृदय. एकाच रिमोटवर दोघं चालतात, पण एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे जातो. दोघांनी एकाच वेळी हृदयाच्या दोन बाजूंना पोचायचं. युक्ती अशी, की एकाला भिंतीला टेकवून अडवून ठेवायचं आणि दुसऱ्याला चालवून अंतर जुळवायचं. घरातल्या ज्यांना गोळीबार आवडत नाही त्यांच्या हातात रिमोट द्यायचा तर हा गेम लावून द्या.

त्याच कंपनीच्या ‘लोड रनर’मध्ये (१९८४) ‘बी’ने डावीकडे आणि ‘ए’ने उजवीकडे खड्डा पडतो, आणि सुटका धावण्यात नसून खड्डा कधी भरून येतो हे मोजण्यात आहे. ‘बॉम्बरमॅन’ला (१९८५) ५० टप्पे आणि २० अक्षरांचा पासवर्ड आहे, तो मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हाताने लिहिताना एक अक्षर तरी चुकतंच. दार सापडल्यावर त्याच्या जवळ बॉम्ब ठेवू नका, स्फोट दाराला लागला तर नवे शत्रू बाहेर पडतात. या गेमच्या शेवटी बॉम्बरमॅन माणूस होतो, आणि तोच लोड रनरमधला धावणारा. बॉम्बरमॅन शेवटपर्यंत संपवला तर हे बघायला मिळतं.

‘बलून फाइट’मध्ये तिसरा पर्याय, ‘बलून ट्रिप’, नक्की खेळा. ‘ए’ एकेकदा फडफडवतो, ‘बी’ धरून ठेवला की सतत. चांगलं उडायचं तर ‘ए’च. या गेमचा प्रोग्राम सातोरू इवाता यांनी लिहिला, जे पुढे २००२मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. पात्राच्या वजनाची इतकी नेमकी जाण त्या काळच्या फार थोड्या गेममध्ये आहे.

आपल्या कॅसेटींत सहसा न आलेले दोन शोधण्यासारखे आहेत. कॅपकॉमचा ‘चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स’ (१९९०) दोघांनी मिळून खेळायचा, मुलांसोबत बसायला यापेक्षा चांगला सापडणं कठीण. सनसॉफ्टचा ‘गिमिक’ (१९९२) दिसायला बाळबोध आणि खेळायला अतिशय कठीण. त्याच्या जपानी कॅसेटमध्ये आवाजाची जादा चिप आहे. नकली मशीनमध्ये कॅसेटमधून येणाऱ्या आवाजाची जोडणी नसेल तर अर्धं संगीत ऐकूच येत नाही.

खेळून झालं की अॅडॅप्टर भिंतीतून काढा, नुसतं मशीनचं बटण बंद करून ७८०५चा ताप थांबला तरी ट्रान्सफॉर्मर तापतच राहतो. रिमोटची वायर रिमोटभोवती घट्ट गुंडाळू नका, हातभर सैल वेटोळं करा. कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात २० ग्रॅम सिलिका जेलसह ठेवा, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा मशीन अर्धा तास चालवा. डबा माळ्यावर न चढवता कपाटात ठेवा. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या लगतचा माळा एप्रिल-मेमध्ये तापतो, आणि कपॅसिटर सर्वांत लवकर वाळतात ते उष्णतेनेच.